आठ पटीची दुर्बीण

“सुचित्रा, हे दुर्बीण लय हलून राह्यली वं,” वामनराव यवतमाळहून फोनवर म्हणाले. तेव्हा त्यांची लेक आर्णीत, फोन खांद्याने कानाशी दाबून मुलीची वेणी घालत होती. “जुनी झाली ना बाबा ती! नवीन पाठवते तुम्हाला,” असं म्हणून ती हसली. शाळेची गाडी चुकेल या घाईत तिने फोन ठेवला.

मित्रांनो, ती जुनी दुर्बीण म्हणजे मी.

मी एका कारखान्यात घडले. तिथे माझ्या पोटात भिंगं बसवली आणि अंगावर रबराचं कातडं चढवलं. पण माझं आयुष्य खरं सुरू झालं ते नागपूरच्या एका दुकानात. वामनराव तेव्हा कचेरीत नोकरीला होते. लहानगी सुचित्रा त्यांचं बोट धरून आली होती. तिला वीस पटीची भलीमोठी दुर्बीण हवी होती. वामनरावांनी मात्र एकेक दुर्बीण दाराशी नेली, चष्म्यावरूनच डोळ्यांना लावली आणि समोरच्या तारेवरचा कोतवाल पक्षी पाहिला.

“बाबा, मोठी घ्या नं! पाखरू मोठं दिसते.”

“पाखरू मोठं दिसते, तसा हाताचा हालबी मोठा दिसते. आठ पटीची पुरे आपल्याले.”

अशी मी निवडली गेले. मला केवढा अभिमान वाटला होता!

मग काय सांगू, दर रविवारी पहाटे स्कूटर निघायची, ती बाभुळगावच्या पुढे बेंबळ्याच्या धरणावर. हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरत, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उतरत. वामनराव श्वास रोखून पाहत. त्यांची बायको इंदुताई मागे दगडावर बसून डबा उघडत आणि म्हणत, “मले कधी इतकं टक लावून पाह्यलं नाही तुम्ही!” घरी आल्यावर माझी भिंगं मऊ फडक्याने पुसली जात. तशी काळजी पुन्हा कोणी घेतली नाही, मित्रांनो.

वामनरावांच्या पंचाहत्तरीला सुचित्राने नवी दुर्बीण पाठवली. वीस पटीची! लहानपणचा हट्ट तिने प्रेमाने पुरा केला. मी कपाटात गेले, डांबराच्या गोळ्यांशेजारी. पावसाळ्यात माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशी धरली. नवी एकदाच बेंबळ्यावर जाऊन आली. त्यानंतर स्कूटर पहाटे निघालीच नाही. “आता पाखरंच येत नाहीत तिकडं,” वामनराव सगळ्यांना सांगू लागले आणि सगळ्यांना ते पटलं.

दिवाळीला सुचित्रा माहेरी आली. बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतात, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“चला, बेंबळ्यावर जाऊन येऊ.”

“कायले? काही नाही तिथं.”

“नसू द्या. हवा खाऊ.”

तिने कपाटातून मलाच काढलं. गळ्यात अडकवायला हलकी म्हणून. इंदुताईही डबा घेऊन निघाल्या. धरणाच्या भिंतीवर उभी राहून तिने मला डोळ्यांना लावलं आणि ओरडलीच, “बाबा! अहो, पाणी भरलंय पाखरांनी! तुम्ही तर म्हणत होता...”

वामनरावांनी हात खिशात घातले.

तिने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला उचललं आणि माझ्या भिंगांतलं सारं धरण डचमळू लागलं. तिच्या हातात मी अगदी स्थिर होते. सुचित्राने पाण्याकडे पाहणं सोडलं. ती बाबांच्या बोटांकडे पाहत राहिली.

“काहून नाही सांगितलं मले?”

“सांगितलं होतं नं, बाई,” ते हळूच म्हणाले, “तू नवीन दुर्बीण धाडली.”

तिने त्यांची बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली. इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खोट्या रागाने म्हणाल्या, “मले वाटे, माह्या हातचा चहा आवडत नाही, म्हणून अर्धा कप सांडून राह्यले!”

दुसऱ्याच दिवशी सुचित्रा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषध सुरू झालं. थरथर कमी झाली. पुरती गेली नाही. नवी दुर्बीण आता तिपाईवर बसवून अंगणात ठेवली आहे. बेंबळ्यावर मीच जाते. इंदुताई दगडावर बसतात, वामनराव मागून त्यांच्या खांद्यावर मला टेकवतात आणि पाहतात. “हलू नको नं,” ते म्हणतात. “श्वास तरी घेऊ द्या!” त्या म्हणतात. माझ्या कडेची बुरशी काही निघाली नाही, पण मधल्या काचेतून हंस दिसतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, एवढं तर मी सांगेनच. पण आज माझी विनंती वेगळी आहे. तुमचे आजोबा, आजी किंवा शेजारचं एखादं एकटं म्हातारं माणूस हल्ली त्यांच्या आवडीच्या ठिकाणी जात नसेल, तर त्यांनी सांगितलेलं कारण लगेच खरं धरू नका. आज त्यांच्याकडे जा. पाण्याने भरलेला पेला त्यांच्या हातात द्या आणि ते पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच बसा.