दगडांचं कडं

शाळेची गाडी फाटकापाशी आली तेव्हा बिरप्पा दुर्बिणीच्या काचा टॉवेलनं चौथ्यांदा पुसत होता. काचा केव्हाच लख्ख झाल्या होत्या. मन मात्र थाऱ्यावर येत नव्हतं. सोलापूरची सहावीची मुलं आज माळढोकाचं अभयारण्य बघायला येणार होती, आणि त्यांच्यात त्याची नात रुद्राणी होती. तिला माळढोक दिसणार नाही, हे बिरप्पाइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

वैरागच्या रस्त्यालगतच्या या माळावर तो एकतीस वर्षं वनमजूर होता. त्याआधी इथंच बापामागं मेंढरं राखायचा. माणूस सरळ, साधी थाप मारायची तरी कान लाल व्हायचे. पण एका खोट्यात तो गळ्यापर्यंत बुडाला होता.

रुद्राणी पाच वर्षांची असताना तापानं फणफणली होती. त्याचा मुलगा जोतिराम शहरात टॉवेलच्या कारखान्यात, बिऱ्हाड तिकडंच. फोनवर पोरीचं रडं थांबेना, तेव्हा बिरप्पा म्हणाला होता, "आज माळढोक आलता बग. तुजी इचारपूस करत हुता." पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "आज्जा, आज आलता का?" आणि "आलता की" हे तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून सहा वर्षं दर रविवारी फोनवर माळढोक येत राहिला. कधी त्याच्या पायात काटा मोडायचा, कधी मादी त्याच्यावर रुसून बसायची. बिरप्पानं त्याचा संसार असा थाटला होता, की स्वतःच्या पोराचाही एवढ्या हौसेनं थाटला नसेल.

"ह्ये माजे आज्जा," गाडीतून उतरताच रुद्राणीनं मैत्रिणींना सांगितलं. "त्यांना रोज दिसतो."

बिरप्पाचे कान लाल झाले.

सकाळ बरी गेली. त्यानं मुलांना गुडघाभर वाळल्या गवतात बसवलं आणि म्हणाला, "माळ रिकामा हाय, असं वाटतंय न्हवं? आता गप बसा आन् ऐका." मुलं गप्प बसली. पाच मिनिटांत चंडोल बोलला, नाकतोडे उडाले, लांब काळविटांचा कळप मान वर करून उभा राहिला. मुलं हरखली.

"आन् माळढोक?" एकानं विचारलं.

"त्यो लई मोटा पक्षी. मानूस बसल्यावर जेवडा, तेवडा. त्येची मादी वर्साला एकच अंडं घालती, तेबी उगड्या भुईवर. घरटं न्हाय, काय न्हाय. म्हून ह्यो माळ राखायचा." हे सांगताना त्यानं रुद्राणीकडे बघायचं टाळलं. ती दुर्बीण डोळ्यांवरून काढायलाच तयार नव्हती.

ऊन चढल्यावर मुलांसोबत आलेल्या येमूल सरांनी सगळ्यांना वनखात्याच्या चौकीत नेलं. तिथं टेबलावर बिरप्पाच्या नोंदवह्यांचं बाड होतं.

"अभ्यास म्हणजे काय, तर जे दिसलं तेच लिहायचं," सर म्हणाले. "ही रोजची नोंद रुद्राणीचे आजोबा करतात. ये रुद्राणी, तूच वाच. मोठ्यानं."

"ऱ्हाऊ द्या सर. अक्षार लई वंगाळ हाय माजं," बिरप्पा घाईनं म्हणाला. सरांना तो विनय वाटला. त्यांनी हसत वही तिच्या हातात दिली.

"काळवीट नऊ. कोल्हा एक. माळढोक दिसला नाही." तिनं पान उलटलं. "लांडगे दोन. माळढोक दिसला नाही."

तिचा आवाज बारीक होत गेला. मग ती वाचायची थांबली आणि नुसतीच पानं उलटू लागली. ती रविवार शोधत होती, हे त्या खोलीत एकट्या बिरप्पाला कळलं. रविवारीही तेच लिहिलं होतं. त्याच्याच अक्षरात, तारीख घालून, खाली सही करून.

"अगं, पण तू तर म्हणालीस..." मैत्रीण बोलायला लागली. रुद्राणीनं वही मिटून टेबलावर ठेवली.

डबे उघडले तेव्हा ती एकटीच बाभळीखाली जाऊन बसली. बिरप्पा मागोमाग गेला. तिच्यापाशी वाकून म्हणाला, "चल, तुला एक दावतो."

चौकीमागं थोडं चालल्यावर उघड्या जमिनीवर पाच दगड गोल मांडलेले होते. आत काहीच नव्हतं.

"हितं शेवटचं अंडं हुतं. तुज्या जल्माच्या आदी. माजा बाप मेंढरं राखायचा तवा अंडं दिसलं की असंच दगडाचं कडं मांडायचा. म्हंजी मागनं येनारा धनगर मेंढरं वळवून न्यायचा. मला वाटलं, मीबी मांडावं." तो एका दगडापाशी वाकला. "पर तवा हितं मेंढरं यायची बंद झालती. कुनासाटी मांडलं मी? मादी परत आलीच न्हाय. दगडं लई जवळ झाली, म्हून भ्याली का काय, कुनाला ठावं."

"आन् मला का खोटं सांगितलं?"

"तू इचारायचीस गं." तो दगडांकडे बघतच म्हणाला. "हितं कोनच इचारत न्हाय आता. तू 'आलता का' म्हनलीस की मला वाटायचं, हाय अजून. येईल. तेवड्यासाटी मी रविवारची वाट बगायचो."

कड्याला वळसा घालून ती गाडीकडे गेली आणि खिडकीतूनही तिनं हात हलवला नाही.

त्या संध्याकाळी बिरप्पानं नोंद केली: चंडोल, काळवीट चौदा, शाळेची मुलं अडतीस. माळढोक दिसला नाही.

रविवारी सकाळी फोन वाजला नाही. दुपारीही नाही. बिरप्पानं भाकरी तशीच झाकून ठेवली आणि फोन मांडीवर घेऊन चौकीच्या दारात बसून राहिला. आपल्या हातानं आपण दुसऱ्यांदा कुणालातरी भेदरवून घालवलं, असं त्याला वाटत राहिलं.

उन्हं कलताना फोन वाजला.

"आज्जा, आज आलता का?"

बिरप्पानं समोरच्या माळावर एकदा नजर फिरवली. पार टोकापर्यंत.

"न्हाय गं बाय. न्हाय आला."

"बरं. आज्जा, ती दगडं लांब सरकवा की. म्हंजी परत आली तर भिनार न्हाय."

"व्हय," तो म्हणाला.

मग तो उठला. कड्यापाशी जाऊन त्यानं पहिला दगड उचलला, छातीशी धरून वीस पावलं मोजली आणि अलगद खाली ठेवला. मग दुसऱ्यासाठी मागं फिरला. जिथं अंडं होतं त्या जागेवरून जाणं जवळचं पडलं असतं, पण तो प्रत्येक वेळी वळसा घालूनच गेला.