राखीव रान

वाल्मिक शिपायाने दुसरी काठी घातली आणि तिच्या लेकाचं, धाकलूचं, उजवं मनगट मोडल्याचा आवाज जिवलीला बांधावरून ऐकू आला.

अडतीस साली सरकारने तानसा तळ्याच्या काठच्या रानासाठी पैसा मंजूर केला. चहूकडून तारा ओढल्या, सायबांना बसून तळं बघायला बाकडी घातली, वाटेवर पाटी ठोकली. माघात जिवलीने या रानाच्या शिपायालाच विचारलं होतं, "काय रे लिवलंय?"

"राखीव," तो म्हणाला.

तिला ते पटलं. राखेसाठी ठेवलेलं ते राखीव! आजवर याच रानातली टहाळ तोडून शेतात पसरायची, वाळली की जाळायची आणि त्या राखेत नाचणी पेरायची. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभर चुलीवर नुसतं पाणी. सरकारला एवढी अक्कल आली म्हणून तिने सायबाला तोंडभर आशीर्वादही दिला होता.

आणि आज वाल्मिक दोन माणसं घेऊन तोच वाळलेला राब उचलायला आला होता. लेक आडवा गेला.

"तूच बोललास ना रे, राखीव म्हणून?" जिवली धावत आली.

"राखीव म्हंजे हात लावायचा नाय, म्हातारे! सायेब हवा खाया येतात तिथं."

"सायेब हवा खातील. आमी काय खाऊ, तुजी काठी?"

वाल्मिकने धाकलूच्या बरगडीत लाथ घातली, तो पडला. तिसरी काठी डोक्यावर उगारली, तशी जिवलीने कमरेचा कोयता उपसून त्या हातावर घातला. दोन बोटं टहाळीवर पडली. वाल्मिक गुरासारखा हंबरला. बरोबरची माणसं त्याला ओढत पळाली.

"आये, पळ! फौजदार येल."

"येऊं दे. राब भाजल्याबिगर मी नाय हलत. वारा बघ कुठला हाय."

तिने काडी ओढली. बोटांसकट सगळं पेटलं.

दुपारी फौजदार आला तेव्हा शेत काळं पडलं होतं आणि ती लेकाच्या हाताला बांबूची कांब बांधत होती. फौजदार बुटांनिशी राखेत शिरला.

"पाय काढा. राखीव हाय."

त्याने तिच्या मुस्काटात मारली. ओठ फाटला. ती रक्त थुंकली, तेही बांधापलीकडे, शेतात नाही. दोरखंडासाठी हात पुढे केले आणि धाकलूला म्हणाली,

"रडतोस काय, बाईलबुद्ध्या? रोहिणी लागली का पेर. डाव्या हातानं."