सोनेरी कार्डाची मागची बाजू

पुढची बाजू

मी एक जुने सोनेरी कार्ड आहे. मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. घाबरायचे काम माझे आहे, आणि ते मी जन्मापासून चोख करत आलो आहे.

माझा जन्म पात्याखाली झाला. प्लास्टिकचा मोठा तक्ता तापवला, दाबला, त्यावर सोनेरी रंग चढवला आणि खट्कन कापला. पहिली आठवण विचाराल तर ते पाते. दुसरी आठवण माझ्या छातीवर उमटलेल्या तारखेची. तुमच्या छातीवर अशी तारीख नसते. असती तर तुम्हीही माझ्यासारखेच दचकून झोपला असता.

एका विमान कंपनीच्या लखोट्यातून मी घरी आलो. माझ्यासोबत दोन भावंडे होती, बॅगांना बांधायचे चामड्याचे टॅग. त्यांच्यावर आमच्या मालकिणीचे नाव आणि फोन नंबर होता. एक टॅग तिच्या बॅगेला लागला. दुसऱ्याला काम नव्हते, तो दाराजवळच्या खुंटीला लटकला.

मालकीण लिफ्ट तपासायची. उंच इमारतींच्या माथ्यावर चढून दोराला कान लावायची आणि कुठला दोर थकला ते सांगायची. आज या शहरात, उद्या त्या शहरात. इतके विमानप्रवास झाले, म्हणून तिला माझा मान मिळाला.

आणि मान काय वर्णावा! लांबलचक रांगेच्या शेजारी आमची वेगळी, चार माणसांची रांग. काउंटरवरच्या मुलीचा आंबट चेहरा मला पाहताच गोड व्हायचा. "या मॅडम." बसायला गाद्यांच्या खुर्च्यांची शांत खोली. बॅग जड झाली तरी कुणी हटकायचे नाही. उतरल्यावर पट्ट्यावर आमची बॅग सगळ्यांच्या आधी. एकदा मागे जागा उरली नाही तेव्हा तिला पुढच्या रुंद खुर्चीत नेऊन बसवले.

पण प्रत्येक काउंटरवर माझे नाव वाचून झाले की नजर तारखेवर जायची. मला घाम येत असता तर तेव्हाच फुटला असता. कारण हा मान वर्षाच्या बोलीवर होता. वर्षभरात ठरलेली उड्डाणे झाली नाहीत, तर सोनेरीचे निळे होते. निळ्या कार्डाला कुणी "या" म्हणत नाही.

मग लिफ्टमध्ये यंत्रे बसली. दोर थकला की यंत्रच ऑफिसला कळवू लागले. मालकिणीचे दौरे आटले. वर्ष सरत आले तेव्हा तिच्या फोनवर निरोप आला : सोनेरी टिकवायचे असेल तर अजून एक जाणे आणि एक येणे हवे.

"उगाच जाऊन येते," ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली. "सकाळी जायचं, दुपारी परत."

"आणि तिथे करणार काय?"

"काही नाही. खुर्चीत बसणार."

"डोकं फिरलंय तुझं."

"अगं, एकदा खाली आलं की परत चढायला अख्खं वर्ष जातं. लिफ्ट नाहीये ती." मग तिचा आवाज खाली आला. "आप्पांना पुढच्या वर्षी आत्याकडे न्यायचंय. गर्दीत ते घाबरतात, गोल गोल फिरायला लागतात. गोल्ड असलं तर त्यांना रांगेत उभं राहावं लागणार नाही."

आप्पा म्हणजे तिचे वडील. बस डेपोत गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांची उमर गेली. आता त्यांची आठवण भिंतीच्या पोपड्यासारखी सुटत चालली होती. मुलगी आठवायची, जेवण झालेले आठवायचे नाही.

त्या सकाळी समोरच्या काकू त्यांच्यापाशी बसायला आल्या. काकू घरी शिवणकाम करायच्या.

"चारपर्यंत बसते हं ताई. मग मला लेकीला शाळेतून आणायचंय."

"तोवर येतेच मी."

"मी पण येऊ?" आप्पांनी विचारले.

"पुढच्या वेळी नक्की. आज काम आहे."

आप्पा ऐकेनात. ते खुंटीवरच्या टॅगशी चाळा करत दारात उभे राहिले. तिने हसत तो टॅग काढला आणि त्यांच्या शर्टाच्या काजात अडकवला. "हे घ्या. आता तुम्ही माझं सामान."

"जड आहे बरं ते."

"चालतं. मला जादा वजन माफ आहे."

दार बंद झाले. पाकिटाच्या कप्प्यात मला उगीचच पात्याचा आवाज ऐकू आला.


कड

माझी कड अगदी बारीक आहे. तिच्यावर काही लिहिता येत नाही. म्हणून हे तुटक सांगतो.

पलीकडच्या विमानतळावर वारा सुटला.

परतीचे विमान आधी लांबले. मग रद्द झाले.

काकूंना फोन केला. "झोपलेत आप्पा. तुम्ही या सावकाश."

पुन्हा केला. उचलला नाही.

मग काकूंचाच आला. "ताई, मी लेकीला आणायला गेले, दार ओढून घेतलं होतं. आले तर दार सताड उघडं. आप्पा नाहीत हो. जिन्यात नाहीत, खाली नाहीत."

तिची बोटे माझ्यावर आवळली. मी वाकलो. तो वाक अजून गेलेला नाही.

काउंटरपुढे माणसांची भिंत होती. आमची रांग मात्र आखूड. तिने मला पुढे केले.

"संध्याकाळच्या विमानात एकच जागा आहे," क्लार्क म्हणाला. "पण तुम्ही गोल्ड आहात. वेटिंगमध्ये तुमचं नाव वर आलंय."

शेजारच्या रांगेत एक माणूस सकाळपासून उभा होता. त्याच्याकडे कुठलेच कार्ड नव्हते. त्याच्या घरचे दार उघडे होते की बंद, हे मला कधी कळले नाही. ते न कळल्याची भीती वाटते. आजही.

विमानात बसलो. फोन बंद करायला लावले. एक सेवक अदबीने वाकला. "अभिनंदन मॅडम. या उड्डाणाने तुमचं गोल्ड टिकलं."

तिने मान हलवली. एवढा मान आणि एवढी भीती मी एकाच खुर्चीत कधी पाहिली नव्हती. माझ्या जोरावर दारे उघडत होती, पण एक दार आधीच उघडले होते, आणि ते मला लावता येत नव्हते.

चाके जमिनीला टेकताच तिने फोन चालू केला. अनोळखी नंबर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. तिने लावला.

"हरवलेल्या सामानाच्या काउंटरवरून बोलतोय. तुमचं सामान आमच्याकडे आलंय मॅडम."

"माझं काही सामान नव्हतं."

"टॅगवर नंबर तुमचाच आहे. म्हणजे सामान नाही, एक आजोबा आहेत. बसड्रायव्हरने आणून सोडलंय."

ती धावली. तेव्हा प्रथमच आम्ही कुठल्याच रांगेत नव्हतो.

दांडी तुटलेल्या, चाके गेलेल्या बॅगांच्या मधोमध बाकावर आप्पा बसले होते. काजात माझे भावंड. आप्पा बसच्या थांब्यावर गेले होते आणि बस उशिरा आली म्हणून ड्रायव्हरला झापत होते. कुठे जायचे ते सांगता येईना, तेव्हा ड्रायव्हरने टॅगवरचा नंबर लावला. फोन बंद. टॅगवर विमानाचे चित्र होते, बसचा शेवटचा थांबा विमानतळ. त्याला जे सुचले ते त्याने केले.

"तुझी गाडी लेट," आप्पा म्हणाले.

"हो आप्पा."

"झालं का काम?"

ती त्यांच्यापुढे फरशीवर बसली. "काम नव्हतं आप्पा. काहीच काम नव्हतं."

"मग घरी चल. शेवटची सुटेल."


मागची बाजू

काही दिवसांनी नवे सोनेरी कार्ड आले. सोबत सूचना : जुने कार्ड कापून टाकावे. मालकिणीने कात्री घेतली. मित्रांनो, ज्या आवाजाने मी जन्मलो तोच आवाज माझ्या कानाशी आला.

"थांब," आप्पा म्हणाले. "पास आहे तो. कापतात का पास?"

कात्री खाली गेली. मालकिणीने काळ्या शाईच्या पेनाने माझ्या पाठीवर काही लिहिले आणि मला आप्पांच्या खिशात ठेवले. टॅग एका शर्टाला राहतो, शर्ट धुवायला जातो. मी मात्र रोज नव्या खिशात जातो. नवे कार्ड लखोट्यातच पडून आहे. ती आता याच शहरातल्या लिफ्ट तपासते आणि काकूंच्या लेकीची शाळा सुटायच्या आत घरी येते.

आता मला पाहून कुणी "या" म्हणत नाही. माझी तारीख उलटली आहे. तरी भीती गेलेली नाही, फक्त बदलली आहे. पूर्वी मी स्वतःसाठी भ्यायचो. आता आप्पांचे पाऊल दाराकडे वळले की मी त्यांच्या छातीवर मोजत बसतो : एक ठोका, दुसरा ठोका, कडी वाजली का?

मित्रांनो, एक विनंती आहे. रस्त्यात कधी एखादे आजोबा बसची वाट पाहत उगाच रागावलेले दिसले, तर हसून पुढे जाऊ नका. त्यांच्या खिशात एक वाकलेले कार्ड असेल. सोनेरी बाजू पाहू नका, तिचा आता कुणाला उपयोग नाही. मला उलटे करा. तिथे लिहिले आहे :

हे माझे वडील आहेत. या नंबरवर फोन करा. मी उचलेन.