पिवळी वायर

"मामा, ओढ! अजून ओढ! अरे हळू, भिंत येईल सगळी तुझ्यामागे!"

भाची भिंतीच्या पलीकडून ओरडत होती. अलीकडे स्टुलावर उभे राहून मामा भोकातून निळी वायर ओढत होते. उभा जन्म लिफ्टच्या पोलादी दोरांशी झोंबण्यात गेलेला माणूस. त्याला ही वायर म्हणजे बुटाची नाडी.

"आली तर येऊ दे भिंत," मामा म्हणाले. "एकदा एका इमारतीत मी असाच दोर ओढला, तर वरचा मजला अलगद खालच्या मजल्यावर येऊन बसला. भाडेकरूंनी उलट आभार मानले. तेवढेच जिने वाचले म्हणाले."

"मग भाडं पण कमी झालं असेल."

"निम्मं!" मामा म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. उतरल्याबरोबर त्यांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले आणि एकमेकांत अडकले. ही त्यांची जुनी सवय. शाळेत शिक्षा झालेला मुलगा मोठा व्हायचं विसरला तर जसा चालेल, तसे ते चालत.

घर ताईचं. ताई म्हणजे मामांची मोठी बहीण. साठी ओलांडलेल्या या भावाला ती अजून बाळ म्हणे, आणि तोही ओ देई. दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ताई आतल्या खोलीतून फारशी बाहेर येत नसे. म्हणून भाचीने हा घाट घातला होता. ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर तिने आणला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि बोळातल्या फळीवर राउटरशेजारी ठेवून दिला. घरातले सगळे फोटो, गाणी, सिनेमे, जुन्या कॅसेटी यात भरायच्या. मग ज्याने त्याने आपापल्या पडद्यावर हवं ते लावायचं. आईने आतल्या टीव्हीवर, भाचीच्या नवऱ्याने स्वयंपाकघरात लॅपटॉपवर, आणि परगावी राहणाऱ्या मोठ्या बहिणीने तिकडे बसून फोनवर.

"म्हणजे लिफ्टच की," मामा म्हणाले. "एक डबा, चार मजले."

"नाही रे. लिफ्ट एका वेळी एकाच मजल्यावर जाते. हा डबा एकाच वेळी सगळ्या मजल्यांवर असतो."

 मामा मनाशी म्हणाले, असली लिफ्ट निघाली असती तर आपण उपाशी मेलो असतो.

"झाली वायर. आता प्लेअर लाव तुझा," भाची म्हणाली. "पहिली आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट."

आणि मामांनी उचललेला प्लेअर परत खाली ठेवला.

*

ती कॅसेट घरात कुणीच पाहिली नव्हती. दाजींचा धाकटा भाऊ लग्नानंतर लगेच "बघून देतो" म्हणून ती घेऊन गेला आणि पुढची कित्येक वर्षं बघतच बसला. दाजी गेल्यावर त्याला लाज वाटली असावी. त्याने ती गुंडाळून परत पाठवली. तेव्हा मामांनी आपला प्लेअर बिघडलाय असं म्हणायला हवं होतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात ते याच घरात बसून म्हणाले होते, "माझा प्लेअर? विहिरीत टाका आणि वर्षाने काढा. पाणी झटकून चालू होईल."

थापा माणसाला अशा गाठतात.

आता ती लग्नाची गोष्ट. ही गोष्ट मामांनी इतक्यांदा सांगितली होती की नातेवाइकांतल्या लहान मुलांना पाढ्यांआधी ती येई. लग्नाचा हॉल चौथ्या मजल्यावर. नवरदेव आणि त्याचे वडील लिफ्टमध्ये, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. मामा तेव्हा लिफ्टच्या कंपनीत नुकतेच उमेदवार म्हणून लागले होते. ते गच्चीवर धावले, दोर हातात धरला, पाय भिंतीला लावले आणि अख्खी लिफ्ट एकट्याने वर ओढली. दर खेपेला लिफ्टमध्ये एकेक माणूस वाढे. अलीकडे तर तिच्यात बँडवाले शिरले होते, ढोलासकट. आणि मग शेवट: "दार उघडलं, दाजी बाहेर आले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला कडकडून मिठी मारली!"

ढोल कुणी खरा धरत नसे. मिठी मात्र सगळे खरी धरत. कारण तिला दाजींची साक्ष होती.

दाजी वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच त्यांना वासावरून कळे, असं मामा सांगत. पण दाजी खोटं बोलत नाहीत हे मात्र मामांनी न सांगताही सगळ्या गावाला ठाऊक होतं. "पाच मिनिटांत येतो" असंसुद्धा ते म्हणत नसत. सहा लागली तर?

मामांनी ही गोष्ट पहिल्यांदा रंगवली तेव्हा दाजी समोरच बसले होते. बोलण्याच्या भरात शेवटी मिठी तोंडातून निसटली आणि मामांनी जीभ चावली. सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मारली होती," ते म्हणाले. "घट्ट."

पुढे जन्मभर, जेव्हा जेव्हा कुणी विचारलं, तेव्हा तेव्हा दाजी हेच म्हणाले.

आणि मिठी झालीच नव्हती. ते दोघांनाही माहीत होतं. आता ती कॅसेट चार पडद्यांवर एकदम दिसणार होती. आपली फजिती होईल तर होवो. मामांना तिची सवय होती. पण दाजींनी आयुष्यात एकच खोटं बोलून ठेवलं होतं, तेही मेव्हण्यासाठी, आणि ते त्यांच्या बायकोसमोर, मुलींसमोर उघडं पडणार होतं. तेही असं, की दाजींना आता चष्मा पुसायचीही सोय नव्हती.

*

प्लेअरमधून तीन वायरी निघतात. लाल आणि पांढरी आवाजाच्या, पिवळी चित्राची. भाची चहा टाकायला गेली तशी मामांनी पिवळीची पिन सॉकेटातून हलकेच केसभर बाहेर ओढली. दिसायला जागच्या जागी. पण आत स्पर्श नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता निळा रंग उभा राहिला.

"च्च," मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. "चित्र मेलं गं कॅसेटचं. बुरशीने खाल्लं असणार. अशी बुरशी मी एकदा..."

तेवढ्यात त्या निळ्या पडद्यामागून कुणीतरी बोललं.

"इकडे काय धरलाय कॅमेरा? पुढे बघून चाला. पाय अडकेल, पडाल."

दाजींचा आवाज. तरुण, जरासा चिडलेला, आणि समोरच्याचा पाय सांभाळणारा. मामांना आवाजाचा विचारच सुचला नव्हता. चित्र झाकलं की सगळं झाकलं, असं ते धरून चालले होते. लिफ्टवाल्याची चूक: दार बंद झालं की माणूस दिसत नाही, पण आतून हाका ऐकू येतातच.

आतल्या खोलीचं दार उघडलं. ताई उंबऱ्यात उभी होती. एक हात चौकटीवर. तिने निळ्या पडद्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"बाळ," ती म्हणाली, "बंद नको करूस."

"नाही करत," मामा म्हणाले.

"चित्र नाही?"

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. मग मान खाली घालून त्यांनी पिवळी वायर बोटांनी आत दाबली. खट्ट झालं. पडद्यावर पायऱ्या आल्या, माणसं आली, फिकट रंगाचा कोट घातलेला एक सडपातळ नवरदेव आला. ताईने लगेच मान फिरवली.

"आत्ता नको. सगळी मिळून बघू. मोठीलाही सांगा." आणि ती आत गेली; पण दार तिने उघडं ठेवलं.

कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ ती भरायला लागतो. घाई चालत नाही. मामा सगळा वेळ पडद्याकडे पाठ करून बसले. शेवटी भाची म्हणाली, "कुठे काही कापायचं का? म्हणजे नुसती जमीन दिसते, अंधार आहे, असं? सांग, दोन मिनिटांचं काम आहे."

मामा वळले. एवढी सरळ वाट त्यांना दुपारपासून सुचली नव्हती. अडकलेल्या लिफ्टपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत कापलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या तुकड्यात दाजी होते. ताईच्या वाट्याला आता जेवढे दाजी उरले होते, त्यातले आपल्या लाजेपायी कापायचे?

"काही कापू नकोस," ते म्हणाले. "जमीनसुद्धा राहू दे."

*

संध्याकाळी सगळे आपापल्या पडद्यासमोर बसले. ताई पलंगावर, तिच्या पायाशी भाची, दाराजवळ खुर्चीत मामा. जावई कणीक मळायला बसल्यामुळे स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर. मोठी भाची तिकडे परगावी. तिने एका फोनवर लग्न लावलं आणि दुसऱ्यावरून इकडे बोलत राहिली.

पडदे काही अगदी एका सुरात चालत नव्हते. गंमत झाली की आधी स्वयंपाकघरातून जावई हसे, मग खोलीत भाची, आणि सगळं विरून गेल्यावर फोनमधून मोठी. एकच विनोद घरात तीनदा होई.

"आई, तू किती बारीक गं! वारा आला असता तर?"

"वारा आला होता," ताई म्हणाली. "म्हणून तर धरलंय त्यांनी."

मग लिफ्ट आली. बंद दारासमोर खोळंबलेली माणसं. कुणी दारावर थापा मारतंय, कुणी बटण दाबतंय. जावयाने आतून विचारलं, "मामा, बँड कुठाय?"

"आत," मामा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

खरं तर गच्चीवरच्या खोलीत लिफ्टच्या मोटरला एक चाक असतं. ब्रेक सोडायचा आणि ते हाताने फिरवत राहायचं. लिफ्ट मुंगीच्या पावलांनी वर येते. त्या दिवशी नव्या सदऱ्यातल्या त्या उमेदवाराने तेच केलं होतं. वर, एकट्याने. वर कॅमेरा नव्हता.

पडद्यावर दार उघडलं. नवरदेव बाहेर आला. "कुणी काढलं आम्हाला?" त्याने विचारलं. दोन-चार बोटं जिन्याकडे वळली. जिन्यात एक हडकुळा पोरगा उभा होता, धापा टाकत. नवरदेवाचा चेहरा उजळला. दोन्ही हात पसरून तो पोराकडे निघाला.

पोराने हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत काळे, तेलाने चकाकणारे. मग त्या फिकट कोटाकडे बघून तो एक पाऊल मागे सरकला आणि हात पाठीमागे लपवले. नवरदेव हात पसरून तसाच उभा. चित्राने उडी मारली, आणि एकदम पंगत सुरू झाली.

स्वयंपाकघरात कणकेचा आवाज थांबला. भाचीने मामांकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मामांना कळलं. आणि नेमकी त्या शांततेत फोनमधून मोठी ओरडली, "आली, आली! बाबा निघाले! आता मिठी! आई, बघ हं..."

मग तिच्याकडेही पंगत सुरू झाली.

"अगं... हे काय? कापलंय का मध्ये? मिठी कुठेय?"

मामांनी घसा साफ केला. त्या क्षणापुढचं त्यांना नीट आठवत होतं. दाजींना कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं होतं आणि ते स्वतः नळ शोधायला गेले होते. आता तेच सांगायचं, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

"कॅमेऱ्यात आलीच नाही ती," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर पडद्यावरच होती.

"त्या मेल्याने नेमका तिथेच कॅमेरा बंद केला. मी शेजारीच उभी होते. हा मागे सरकला, तर हे म्हणाले, कोट गेला खड्ड्यात. आणि मारली. घट्ट. पाठीवर दोन पंजे उठले, असे काळे! साबण संपला पण डाग हलला नाही."

"मग कोट कुठाय तो?" भाचीने विचारलं.

"फाडला शेवटी. खिडक्या पुसल्या त्याने."

"तरीच!" फोनमधून मोठी म्हणाली. "मी म्हटलं, बाबा कशाला खोटं बोलतील?"

"ते कशाला बोलतील," ताई म्हणाली.

कणकेचा आवाज पुन्हा सुरू झाला. मामा थक्क होऊन बहिणीकडे बघत राहिले. तो कोट दाजींनी पुढे किती समारंभांत घातला होता, आणि पाठ कशी दुधासारखी कोरी होती. मामा जन्मभर लिफ्टमध्ये माणसं कोंबत बसले, ढोल कोंबले. खिडक्या पुसणं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"मागे घे गं जरा," ताई भाचीला म्हणाली. "हात पसरलेत ना, तिथे थांबव. हां. राहू दे तसंच."

*

मग ज्याची त्याची लिफ्ट ज्याच्या त्याच्या मजल्याला लागली. लॅपटॉपवर पंगत पुढे चालू राहिली. मोठीने फोन ठेवला. भाची बोळात जाऊन डब्याचे दिवे बघत बसली. ताईच्या पडद्यावर मात्र दाजी होते तसेच होते, हात पसरून.

"प्लेअर इथेच राहू दे," मामा उठत म्हणाले. "बाकीच्या कॅसेटी आहेत."

"विहिरीत टाकू नको म्हणजे झालं."

मामा हसले. मग म्हणाले, "ताई, तो कोट..."

"बाळ, उशीर होईल तुला. लिफ्टने उतर. गुडघे दुखतात, तरी जिन्याने जातोस."

"बरं. येतो."

दाराकडे जायची वाट टीव्हीसमोरूनच होती. निघताना मामांचे हात सवयीने पाठीमागे गेले, एकमेकांत अडकले. पडद्यासमोर आल्यावर त्यांनी ते सोडवले आणि पुढे घेतले. थांबले नाहीत. दाराबाहेर पडेपर्यंत ते हात तसेच दोन्ही बाजूंना मोकळे होते.