मास्तरच्या फोटोले हार

आमचे हे, म्हंजे गुणवंता मास्तर, उभा जलम पांढुर्ण्यातल्या पोट्ट्यायले चित्रकला शिकवत राह्यले. मानूस गरीब गाय. भाजीत मीठ नसलं तं मुकाट्यानं खाईन, पन मागनार नाई. मी त्यायच्या उलट. प्रेमलताच्या तोंडाले कुलूप नाई, हे पुऱ्या मोहल्ल्याले ठाऊक हाये.

त्यायची एकच हौस होती. कालेजसाठी काढलेली चार चित्रं तिथल्याच कोठीत मोडक्या बेंचाखाली धूळ खात पडली होती. ती एकदा भिंतीवर लागावी, खाली आपलं नाव असावं, अन् ते आपन आपल्या डोळ्यानं पाहावं. बस. सोनं नाई मागतलं, चांदी नाई मागतली. जो प्रिन्सिपाल येईन त्याच्यासमोर हात जोडत. तो 'पाहू' म्हने, अन् बदलून जाये.

मग पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा म्हनला का इतिहास पाहिजे ना! त्यातच कालेजची तपासनी कराले बाहेरून कमेटी येनार होती, अन् कमेटीले इतिहास लय आवडते, असं कोन्तरी आताचे प्रिन्सिपाल सुधाकर सरायच्या कानात भरलं. झालं. जुन्या सायकल स्टँडले फरशी बसली, रंग मारला अन् 'ऐतिहासिक चित्र व रेखाटन दालन' असा बोर्ड टांगला. मास्तरची चित्रं कोठीतून निघाली. आमाले निरोप आला, उद्घाटनाले सहकुटुंब या म्हनून. त्या दिवशी हे नवरदेवावानी आरशासमोरून हलले नाई.

दालनात शिरल्या शिरल्या एक गोरा साहेब, घोड्यावर बसलेला. खाली लिवलं होतं, 'पांढुर्ण्याचा हितचिंतक.' मी सागरले इचारलं, हा सागर तिथला बाबू, "हा कोन होय रे?"

"मालूम नाई काकू. नेटवर भेटला. फ्रेमले बराबर बसला म्हनून लावला."

त्याच्या बाजूले मास्तरची चारही चित्रं. अन् मधात त्यायचाच फोटो. फोटोले झेंडूचा हार, कपाळाले गंध, खाली उदबत्ती. पाटीवर लिवलं होतं, 'कै. गुणवंता मास्तर.'

"अवं माय वं!" मी वरडले. मास्तर माह्या बाजूले उभे राहून आपल्याच फोटोकडे टकमक पाहून राह्यले होते. मी सुधाकर सरायले गाठलं. "हे काय होय जी? जित्ता मानूस उभा हाये तुमच्यासमोर!"

सर पांढरे पडले. "अरे वा, मास्तर! बरं वाटलं तुमाले पाहून," म्हने, अन् सागरवर डोळे काढले. "तू तं म्हनत होता, गेले म्हनून!"

"सर, दालन ऐतिहासिक हाये ना," सागर म्हने. "मले वाटलं, ऐतिहासिक मानसं मेलेलीच असतात. जित्तं कोनी ऐतिहासिक राह्यते का?"

सरायनं आमाले कोपऱ्यात नेलं. आवाज एकदम गुळचट. "काकू, समजून घ्या. दालन दिवंगत कलावंतायचं म्हनून कागद गेले हायेत. जित्त्या मानसाचं ठेवलं तं कमेटी इचारन. आजचा दिवस सांभाळून घ्या, नाईतं चित्रं पुन्हा कोठीत ठेवा लागतीन."

मी पदर खोचला. आता सरायची काही खैर नोती. पन मास्तरनं माहा हात धरला. "राहू दे वं. लागली ना एकदाची भिंतीवर? नाव बी हाये. जित्तेपनी कोनं इचारलं होतं?" त्यायचे डोळे भरून आले होते. मले रागही आला अन् रडूही. पन त्यायच्यासाठी मी राग गिळला अन् मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सौंसरहून मुख्य पाहुने आले. नारळ फुटला. जो तो चित्रायकडे पाठ करून फोटो काढून घेऊन राह्यला. चित्राकडे तोंड केलेला एकही नाई. मग भाषनं. पाहुने म्हने, "मास्तर माहे गुरू. त्यायच्या मयतीत म्या खांदा देल्ला." मास्तर बापडे मान हालवून राह्यले होते, देल्ला असन म्हनून!

तेवढ्यात सुधाकर सर वाकून माह्या कानाशी आले. "काकू, आता शाल-नारळ हाये, दिवंगत मास्तरच्या पत्नीले. स्टेजवर या. फक्त ते कुंकू जरा पुसून घ्या. फोटो कमेटीले जाईन ना, बरं दिसनार नाई." अन् बावानं खिशातून रुमाल काढून माह्यासमोर धरला!

माह्या तोंडून शब्द निघेना. मी, प्रेमलता, अन् शब्द निघेना! पन बाजूची खुर्ची धाडकन पडली. मास्तर उभे होते.

"काय म्हनलं सर?" त्यायचा असा आवाज मी कधी ऐकला नोता. "माहा हार चालला. माही मयत चालली. हिच्या कुंकवाले हात लावाचा नाई!"

तरातरा गेले अन् फोटोवरचा हार ओढून काढला. मग एकेक चित्र उतरवलं. "धर वं," म्हनून दोन माह्या हाती देल्ली.

"मास्तर, इचार करा," सर दबक्या आवाजात म्हनले. "ही मग इथं कधी लागनार नाईत."

"नका लावू." बाकीची दोन काखेत मारून ते दाराकडे निघाले. उभ्या जलमाची हौस मानसानं माह्यासाठी सोडली होती, अन् ते बी एका शब्दात.

भाहेर ओसरीत चायचा गंज, मोठं पातेलंच, ठेवला होता. भाषनाले कंटाळलेली मानसं तिथंच जमली होती. दम घ्याले आमी चित्रं भिंतीले टेकवली. वरचं होतं गोटमारीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीतल्या झेंड्यासाठी पांढुर्णा अन् सावरगाव एकामेकाले गोटे मारतात, ते. चाय पेनाऱ्यायतला एक वाकला, मंग दुसरा, मंग घोळकाच झाला.

"झेंड्याले हात घातला तो आपला पोट्टा," सावरगावचा एक जन म्हने. "नदीची थडी पाहा ना, कोनत्या काठाहून आला तो!"

"डोळे फुटले काय तुहे?" पांढुर्ण्याचा कवडू उसळला. "कोनं काढलं बे हे चित्र?"

"म्या," मास्तर म्हनले.

"लाज नाई वाटत मास्तर? पांढुर्ण्याचं खाता अन् झेंडा सावरगावले देता?"

आतून माइकवर सुधाकर सरायचा आवाज आला. कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापलं होतं म्हनून, दिवंगत मास्तरसाठी आता दोन मिनिटं मौन. आत समदं चिडीचूप झालं.

"तू होता काय तिथं?" भाहेर मास्तर कवडूवर वरडून राह्यले होते, चित्रावर बोट आपटून. "मी होतो! म्या पाह्यलं!" कवडू त्यायच्या अंगावर जाये, हे त्याच्या अंगावर जायेत, अन् लोक म्हनत, "मास्तरले बोलू द्या रे, त्यायनं काढलं हाये!"

मी मधात पडले नाई. चाय घेतली अन् बसून पाहत राह्यले.