कापलेले अकरा सेकंद

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. देवाला स्मरून सांगतो, मी माझ्या मालकीणबाईंच्या लॅपटॉपवर जळतो.

कारखान्यात माझे स्क्रू आवळले गेले आणि मी थेट एका बातमीदार बाईंच्या पिशवीत आलो. वीस वर्षं आम्ही वणवण केली. मुलाखतीआधी त्या मला हळूच म्हणत, "ऐक रे बाबा." मीही निरूपणाला बसल्यासारखा तल्लीन होऊन ऐकायचो.

एका औषध कंपनीच्या साहेबांना बाईंनी विचारलं, "गोदामात माल आहे ना?" ते म्हणाले, "अहो, छपरापर्यंत भरलंय!" पुढे तिथे नुसती रिकामी खोकी निघाली. बाईंचं नाव झालं. माझंही कौतुक झालं.

मग विद्यापीठाने बाईंना अभ्यासवृत्ती दिली. कंपन्यांची लबाडी कशी ओळखावी, हे त्या तिथे शिकवू लागल्या. पण वर्गात मिरवायला गेला कोण? तो चपटा लॅपटॉप! माझी टेप त्याच्या पोटात उतरवली आणि मला चपलांच्या कपाटावर बसवलं.

"आई, हे धूड भंगारात दे बाई," लेक म्हणाली.

"रविवारी देऊ," बाई म्हणाल्या. मी दिवस मोजू लागलो.

शुक्रवारी बाई हिरमुसून घरी आल्या. "त्या साहेबांची मुलाखत ऐकवली, तर पोरं म्हणतात, यात खोटं कुठंय मॅडम? माणूस पटकन उत्तर देतोय."

मग त्या थबकल्या. "पटकन? तो पटकन कुठे बोलला होता?"

लेकीने जीभ चावली. "आई गं! टेप उतरवताना मधली शांतता मीच काढून टाकली. म्हटलं, पोरं कंटाळतील."

शनिवारी बाईंनी मला वर्गात नेलं. माझं बटण दाबलं. प्रश्न झाला, आणि पुढे अकरा सेकंद नुसती पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, पाण्याचा एक घोट. मग, "अहो, छपरापर्यंत भरलंय!"

मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "मॅडम, एवढ्या वेळात त्यानं गोदाम भरलं!"

वर्ग खदखदून हसला. बाईंनी माझ्यावरून हात फिरवला.

रविवारी भंगारवाला आला, तेव्हा लेकच दारात गेली. "काही नाही हो काका, आज."

आता मी टेबलावर असतो, लॅपटॉपशेजारी. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचं एकदा शेवटपर्यंत ऐका. मधली शांतता कापू नका. टेप जिथे घासते ते आमचं तोंड कापसाने पुसा, म्हणजे आवाज मोकळा होतो.

आणि कोणीतरी बाईंना सांगा, त्या चपट्याचं मखमली कव्हर मलाही बसेल.