हातावर ठरलेले भाडे

हॅरोरिगच्या डोंगराला कुंपण नाही आणि कधी नव्हते. त्याच्या दक्षिण अंगावर एडविन टॅलेंटायरच्या दोनशे दहा मेंढ्या चरत, आणि तरीही शेजाऱ्यांच्या मेंढ्यांत त्या मिसळत नसत. कारण आपली हद्द कोणत्या ओढ्यापाशी संपते हे प्रत्येक मेंढीला तिच्या आईने, आणि त्या आईला तिच्या आईने, चरता चरता शिकवलेले होते. हे ज्ञान बाजारात मिळत नाही. म्हणून ईडन नदीच्या त्या खोऱ्यात मेंढ्या धन्याच्या नव्हे, डोंगराच्या समजल्या जातात. धनी बदलतो, कळप तिथेच राहतो. कळप एकदा उठला, की पुन्हा आणून सोडलेल्या मेंढ्या वारा नेईल तिकडे जातात आणि डोंगराचा तो भाग कायमचा ओस पडतो. टॅलेंटायरांच्या सहा पिढ्यांनी हा कळप सांभाळला होता. एडविनला मूलबाळ नव्हते. पण सातवा कोणी, कुठल्याही घराण्याचा का असेना, पुढे येईपर्यंत कळप आपल्या हातून सुटू नये, एवढी एकच इच्छा त्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थाच्या ठायी उरली होती.

मात्र मेंढ्यांवर घर चालत नाही. पूर्वी ते गाईंवर चाले. दुधाचा भाव इतका उतरला की पाण्याला अधिक किंमत यावी, तेव्हा आठ वर्षांपूर्वी एडविनने गाई विकल्या. गोठा रिकामा झाला, आणि त्या रिकामेपणातूनच पुढचे सारे उद्भवले.

प्रथम आल्या अ‍ॅग्नेस रेल्फ, गावच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या दिवंगत पतीने स्वहस्ते बांधलेली एक लहानशी शिडाची होडी त्यांच्या अंगणात भिजत होती.

"तुमच्या गोठ्यात ठेवू का हो? किती घ्याल?" त्यांनी विचारले.

"महिन्याला तीस."

"पंचवीस."

"बाई, ही गाय असती तर चाळीस घेतले असते. हिला वैरण नको, म्हणून अठ्ठावीस."

एडविनने रीतीप्रमाणे तळहातावर थुंकल्यासारखे केले, अ‍ॅग्नेसबाईंच्या हातावर हात मारला आणि खिशातून एक पौंडाचे नाणे काढून त्यांना परत दिले. त्या खोऱ्यात सौदा ठरला की घेणाऱ्याने देणाऱ्याला शकुनाचे नाणे परत द्यावे, असा नेम आहे. नाणे हातात पडले की आकडा बदलत नाही. पुढे पाऊस पडो, घर पडो, बाजार पडो.

गोष्ट कर्णोपकर्णी पसरली. कोणाचे वडिलोपार्जित कपाट आले, कोणाच्या दुकानाचा जुना माल आला, गावच्या वाद्यवृंदाचे ढोल आले. खालच्या शेतात चाकांवरची घरे, ज्यांना सारे गाड्याच म्हणत, येऊन उभी राहू लागली. लोक उन्हाळ्यात ती मोटारीला जोडून समुद्राकडे नेत आणि शरदात परत आणून लावीत. पाहता पाहता अशी एकतीस झाली. एकतीस वेळा हातावर हात पडला, एकतीस नाणी परत गेली.

एडविनची थोरली बहीण हिल्डा घरातली कागदपत्रे पाही. ती अविवाहित, काटेकोर, आणि जिभेने थोडी तिखट. पहिल्याच वर्षी तिने विचारले होते.

"यावर व्हॅट लावायचा का रे?"

"कशावर?"

"या भाड्यावर. आपलं नाव करखात्याच्या वहीत आहे. खुंट, तारा, औषधं, सगळ्यावरचा व्हॅट आपण परत मागतो ना?"

"अगं, जमिनीच्या भाड्याला व्हॅट नसतो. बाबा दर वसंतात वरचं गवत शेजाऱ्यांना चरायला द्यायचे, कधी लागला? जमीन ती जमीन."

"गवत आणि होडी एकच का?"

"दोन्ही माझ्याच जमिनीवर आहेत ना? मग झालं तर."

हिल्डाने पावतीवर 'जमिनीचे भाडे' असे लिहिले आणि तेच पुढे चालले. त्यात लबाडी नव्हती. मनुष्य ज्या भूमीवर जन्मतो तिच्याविषयी आपल्याला सारे ठाऊक आहे, असे त्याला वाटते, एवढेच.

सातव्या हिवाळ्यात वादळाने गोठ्याचे अर्धे छप्पर उडाले. लोकांचे सामान भिजू नये म्हणून एडविनने साठवलेले सारे घालून नवे छप्पर बसवले, आणि त्यावरचा व्हॅट हिल्डाने नेहमीप्रमाणे परत मागितला. रक्कम मोठी होती. म्हणून फेब्रुवारीत करखात्याकडून एक बाई चौकशीस आल्या. मिस पेरिन असे त्यांचे नाव. त्यांनी दारातच बूट काढून ठेवले, यावरून हिल्डाचे त्यांच्याविषयी बरे मत झाले.

"छप्पर बघायचंय ना? चला, दाखवतो," एडविन म्हणाला. काही लपवण्याजोगे आहे हे त्याच्या गावीही नव्हते. त्याने गोठ्याचे दोन्ही दरवाजे सताड उघडले. "हे बघा. एक थेंब येत नाही आता. ही होडी रेल्फबाईंची. ही कपाटं, ते ढोल. आणि खाली शेतात एकतीस गाड्या. सगळे खूश आहेत, विचारा कुणालाही."

"यांच्याकडून भाडं घेता?"

"घेतो म्हणजे काय! सात वर्षांत एकाचंही थकलेलं नाही."

मिस पेरिन यांनी काहीतरी टिपून घेतले आणि स्वयंपाकघरात येऊन बसल्या. चहा समोर निवत होता. त्या हळू आवाजात बोलल्या, जणू वैद्याने नाडीवरचे बोट काढले आहे.

"मिस्टर टॅलेंटायर, गवत जनावराच्या पोटात जातं. ते अन्न धरलं जातं, म्हणून त्यावर कर पडत नाही. पण सामान ठेवायला जागा दिली, गाडी उभी करायला जमीन दिली, तर त्यावर शंभराला वीस पडतात. गोठा असो नाहीतर शेत."

"पण जमीन माझी आहे."

"जमीन तुमचीच आहे. प्रश्न तिच्यावर काय ठेवलंय याचा आहे."

"आणि आम्ही लावलाच नाही तो?"

"मग जे घेतलंत त्यातच तो होता असं धरतात. एकशे वीसमधले वीस, म्हणजे सहावा हिस्सा आमचा. मागची चार वर्षं मोजावी लागतील."

हिल्डाने कपाळावर हात ठेवला. "मी विचारलं होतं याला," ती म्हणाली, कोणाला उद्देशून ते तिचे तिलाच ठाऊक.

जाताना मिस पेरिन दारात थांबल्या. "तुम्ही हा कर गिऱ्हाइकांकडे मागू शकता. द्यायलाच हवा असा कायदा नाही, पण पुष्कळ लोक देतात. मागून बघा."

पत्र एप्रिलात आले. चार वर्षांचा कर, त्यावरचे व्याज आणि चुकीबद्दलचा सौम्य दंड, मिळून अठरा हजार पौंडांच्या थोडे वर. हप्ते मिळत होते; परंतु हप्ता कशातून भरावा? साठवण छपरावर गेली होती. खालचे शेत विकावे तर भाडे जाते, आणि भाडे गेले की घर जाते. भावाबहिणींनी तीन संध्याकाळ सारे मार्ग तपासून पाहिले. ज्या गोष्टीचे नाव दोघेही घेत नव्हते, ती डोंगरावर चरत होती.

"लोकांकडे जा, एडविन," हिल्डा अखेर म्हणाली. "पाचवा भाग वर द्या म्हणावं. निदान मागच्या दोन वर्षांचा."

"हात मारलाय मी."

"हात मारला म्हणून मेंढ्या द्यायच्या?"

तो उठून बाहेर गेला. एका मनुष्याने आयुष्यभर जे व्रत म्हणून पाळले, ते त्याला त्या रात्री प्रथमच जड वाटले असावे. कारण सकाळी त्याने स्वच्छ सदरा घातला आणि खाली गावात गेला.

तो प्रथम डेस्मंड ऑडी याच्या घरी गेला. डेस्मंड निवृत्त बसचालक, स्वभावाने दिलदार, हसणे मोठे. चार वर्षे त्याची गाडी खालच्या शेतात उभी होती.

"ये रे ये, मालक! गाडीला काही झालं का?"

"गाडी ठीक आहे." एडविनने टोपी हातात फिरवली. सारे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्या वाटेचे तीनशेच्या आसपास येतात. तेवढे जर..."

डेस्मंड हसू लागला. त्या हसण्यात वाकडे काही नव्हते. ऐकले ती थट्टाच असणार, असे त्याला खरोखर वाटले.

"एडविन, एडविन! मी तेव्हा म्हटलं होतं, कागद करूया. तू काय म्हणालास? आठवतं का? 'हात मारला, नाणं दिलं, आता आभाळ कोसळलं तरी आकडा हलायचा नाही.' बायकोला मी घरी येऊन सांगितलं, असा माणूस आता सापडत नाही."

"म्हटलं होतं."

"ते नाणं अजून ठेवलंय तिनं. थांब, दाखवतो."

आणि तो आत जाऊन खरेच ते नाणे घेऊन आला. मेजावर ठेवले. एडविनने त्याकडे पाहिले.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

"अरे, रागावलास का? चहा तरी..."

"नाही, रागावू कशाला. बरोबर आहे."

पुढच्या तीस दारांकडे तो गेला नाही. घरी आल्यावर हिल्डाने त्याचे तोंड पाहिले आणि चहाचे आधण ठेवले. अ‍ॅग्नेसबाईंना मात्र कुठूनसे कळले. त्या स्वतः डोंगर चढून आल्या आणि मेजावर पाकीट ठेवून म्हणाल्या, "माझ्या होडीचे. मोजू नका, घ्या." एडविनने पाकीट तसेच त्यांच्या पिशवीत घातले.

"एकाकडून घेतलं तर उरलेल्यांना खोटं ठरवल्यासारखं होईल, बाई."

"आणि तुमच्या मेंढ्या?"

एडविनने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. त्या अंधार पडण्यापूर्वी उतरून गेल्या.

ऑक्टोबरात विक्रीसाठी कळप खाली आणला. एरवी या कामाला तीन कुत्री आणि चार माणसे लागत, आरडाओरडा होई. त्या दिवशी शेजारी न बोलावता आले आणि कोणी ओरडले नाही. मेंढ्या ओढ्याच्या काठाकाठाने, आपल्या ठरलेल्या वाटेने, एकामागून एक उतरल्या. प्रत्येकीच्या डाव्या कुल्ल्यावर लाल पट्टा होता, टॅलेंटायरांची खूण. हद्दीच्या दगडापाशी पुढची म्हातारी मेंढी सवयीने थांबली. तिला पुढे ढकलावे लागले.

शेजाऱ्यांपैकी एक तरुण गृहस्थ, लँबर्ट वॉल्बी, हळूच म्हणाला, "एडविनकाका, माझ्याकडे पैसे असते तर जागच्या जागी घेतल्या असत्या."

"ठाऊक आहे रे."

"आता माझ्या मेंढ्या तुमच्या बाजूला सरकतील. त्यांना कोण अडवणार? मग त्यांचीही हद्द बिघडेल."

"बिघडेल," एडविन म्हणाला.

लिलावाच्या रिंगणात मेंढ्या सखल मुलुखातल्या एका व्यापाऱ्याने घेतल्या. तिकडे गवत दाट, कुंपणे पक्की. डोंगराची ओळख असलेली मेंढी आणि नसलेली मेंढी यांत तिथे भेद नाही. भाव वाईट आला नाही. पत्रातल्या रकमेला तो जवळजवळ पुरला, आणि राहिलेले हिल्डाने स्वतःच्या दफनखर्चासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून घातले. व्यापाऱ्याने हात पुढे केला. एडविनने त्यावर हात मारला आणि पाच पौंडांची नोट शकुनाची म्हणून परत दिली. रीत होती.

"गुणी आहेत का?" व्यापाऱ्याने विचारले.

"वाट चुकत नाहीत," एडविन म्हणाला.

ट्रकचे दार लागेपर्यंत तो तिथे उभा होता.

नोव्हेंबराच्या मध्यास शहराकडून एक गृहस्थ आला. त्याला दुकानाचे फर्निचर ठेवायचे होते. गोठा भरलेला होता. म्हणून एडविनने त्याला त्यामागचा लांबट मेंढवाडा दाखवला, जिथे वसंतात मेंढ्या व्यायच्या आणि उन्हाळ्यात लोकर कातरली जाई. कोकरांसाठी केलेले लहान कप्पे अजून भिंतीला टेकून होते. लाकडी खांबांना मेंढ्यांनी अंग घासून घासून झिलई आणली होती. हात लावला तर बोटाला लोकरीचे तेल लागे.

"जागा कोरडी आहे," गृहस्थ म्हणाला. "पण हा वास... जाईल ना?"

"जाईल."

"किती दिवसांत?"

"सांगता येत नाही. जाईल."

"मग ठरलं. काय घ्याल?"

एडविनने आकडा सांगितला, आणि पुढे म्हणाला, "वर व्हॅट. शंभराला वीस."

"चालेल." गृहस्थाने खोऱ्यातली रीत कुठेतरी ऐकली असावी, त्याने हसत हात पुढे केला. एडविनने तो हात पाहिला. त्याचा स्वतःचा हात कोटाच्या खिशात होता, आणि त्याच खिशात एक नाणेही होते. तो घराकडे वळला.

"हिल्डा," त्याने हाक मारली, "कागद आण गं. सही घ्यायची आहे."

कागदावर सही झाली. गृहस्थ गेल्यावर एडविन ते लहान कप्पे मोडून, फळ्या एकावर एक रचू लागला.